नाकाचं हाड आणि ऑपरेशनची घाई

अगं, डॉक्टरांनी ‘नाकाचं हाड वाकडं आहे’ म्हटल्यापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय, हे मला कळतंय. पण धास्तीपोटी निर्णय घेऊ नकोस. आधी आपलं नाक नीट समजून घे, मग काय ते ठरव.

चष्मा टेकतो तिथे बोट ठेव आणि हळूहळू खाली आण. वर टणक लागतात ती दोन छोटी हाडं. पुढे टणकपणा संपतो, तिथून कूर्चा सुरू. तुझं वाकडेपण बहुतेक या हाडांचं नसून आतल्या पडद्याचं असणार. दोन नाकपुड्यांमधला हा पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे पातळ हाडांचा असतो. तो अगदी सरळ असलेली माणसं कमीच. त्यामुळे रिपोर्टमध्ये वाकडा दिसला म्हणून ऑपरेशन करायलाच हवं, असं मुळीच नाही. त्रास किती होतो, ते बघायचं.

लहानपणी लागलेल्या मारानेही पडदा वाकडा होतो. म्हणून पोराच्या नाकाला बॉल लागून रक्त आलं, तर त्याला पुढे वाकवून बसव आणि नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं चिमटीत धरून ठेव. नंतर नाक चोंदलं आणि आत पडद्यावर मऊ सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. तिथे रक्त साकळलं की कूर्चेचं पोषण तुटतं आणि पुढे नाक बसतं.

आता मला सगळ्यात जपावीशी वाटते ती गोष्ट. प्रत्येक नाकपुडीत बाहेरच्या भिंतीला तीन वळलेली हाडं असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यावर ओलसर अस्तर असतं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. श्वासाची हवा त्यांच्यावरून जाताना गरम होते, दमट होते आणि तिच्यातली धूळ तिथेच चिकटते. थंडीतल्या पहाटेची गार हवा छातीत तशीच शिरत नाही, ती यांच्यामुळे. सगळ्यात खालच्या टर्बिनेटखाली अश्रूंची नळी उघडते, म्हणून तर रडलं की नाक वाहतं.

हे अस्तर आळीपाळीने फुगतं. काही तास एक नाकपुडी जड, मग दुसरी. कुशीवर झोपलीस की खालची चोंदते. हा काही आजार नाही. स्टीलची गार ताटली नाकाखाली धरून श्वास सोड, वाफेचे दोन डाग उमटतील. दिवसातून दोन-तीनदा बघ. लहान डाग कधी उजवीकडे, कधी डावीकडे येत असेल, तर नाक आपलं काम करतंय. कायम एकाच बाजूला येत असेल, तर ते डॉक्टरांना सांग.

आणि ते नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब रोज घालत असशील, तर थांब. पाच-सात दिवसांपुढे वापरले की अस्तर उलट जास्त सुजतं आणि थेंबांची सवय लागते. त्याऐवजी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धू आणि धुळीची ॲलर्जी आहे का, ते तपासून घे. बऱ्याचदा सूज ॲलर्जीची असते आणि बोल मात्र हाडाला लागतो. ॲलर्जीचा स्प्रे डॉक्टरांनी दिला, तर तो सांगितलाय तितके दिवस नेमाने वापर. त्याचा गुण यायला वेळ लागतो.

एवढं करूनही रात्र रात्र तोंडाने श्वास घ्यावा लागत असेल, तर पडद्याचं ऑपरेशन जरूर कर. त्याला भिऊ नकोस. फक्त ‘टर्बिनेटलाही हात लावणार का, आणि किती शिल्लक ठेवणार?’ हे विचारून घे. ती फार कापली, तर नाक कोरडं पडतं आणि वाट मोकळी असूनही श्वास पुरत नाही असं वाटत राहतं. याचं उत्तर नीट मिळाल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, कळलं?