मोटारीचा विद्युत्-दोष कसा शोधावा?

रात्रीं विंचुराहून रुग्णास नाशिकास न्यावयाचें आणि मोटार सुरू होऊं नये, असा प्रसंग कोणावरही येईल. म्हणून तपासणीचा क्रम ध्यानीं ठेवावा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतींत मल्टिमीटरवर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. दाब ठीक असूनही एंजिन न फिरल्यास बॅटरीच्या टोकांवरील गंज व सैल जोडणी पाहावी. दाब कमी असल्यास बॅटरी लगेच टाकूं नये. दुसरीच्या साह्यानें एंजिन सुरू करून पुन्हां मोजावें. आंकडा १४ च्या आसपास न चढल्यास अल्टर्नेटर व त्याचा पट्टा तपासावा. जळलेल्या फ्यूजच्या जागीं तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. जाड तार घातल्यास फ्यूजऐवजीं मोटारींतील तारा तापून आग लागण्याचें भय असतें. नवा फ्यूजही जळल्यास कोठें तार उघडी पडली आहे, तें शोधावें.