कानाखालची न दुखणारी गाठ : लाळग्रंथींच्या अर्बुदांची ओळख



आर्णी परिसरात कानाखाली सूज दिसली की प्रथम गालगुंडाचा विचार होतो आणि लेप लावून वाट पाहिली जाते. गालगुंडाची सूज दुखते, सोबत ताप असतो व बहुधा आठ-दहा दिवसांत ती ओसरते. मात्र जी गाठ न दुखता तीन आठवड्यांनंतरही कायम राहते, ती डॉक्टरांस दाखवणे अगत्याचे आहे.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढे, जबड्याखाली व जिभेखाली. याखेरीज तोंडाच्या अस्तरात शेकडो सूक्ष्म ग्रंथी असतात. बहुतेक गाठी कानापुढील ग्रंथीत होतात व त्यांतील बहुसंख्य साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी कर्करोगाची शक्यता अधिक.

निदान : सोनोग्राफी व बारीक सुईने पेशींची तपासणी या पहिल्या पायऱ्या होत. गाठ खोल असल्यास एम.आर.आय. करतात. चेहरा एका बाजूस वाकडा होणे, गाठ झपाट्याने वाढणे, मानेत गाठी येणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

उपचार : डोळा मिटणे, हसणे या क्रिया ज्या नसेमुळे घडतात, ती कानापुढील ग्रंथीतूनच जाते. म्हणून नस जपून, ग्रंथीच्या काही भागासह गाठ अखंड काढावी लागते. घाईने खरवडून काढलेली साधी गाठही अनेक ठिकाणी पुन्हा उद्भवते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत नसेला धोका वाढतो. साधी गाठ वर्षानुवर्षे तशीच ठेवल्यास कधी कधी तिचे रूपांतर कर्करोगात होते. कर्करोगात गरजेनुसार शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार देतात. काही प्रकार दहा वर्षांनंतरही फुफ्फुसात उद्भवतात; सबब वार्षिक तपासणी चुकवू नये.

यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि १९४१ पासून कार्यरत असलेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ही आपल्या रुग्णांची आशास्थाने आहेत. पात्र कुटुंबांस महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळतो. परंतु हिशेबाच्या दृष्टीने पाहता शस्त्रक्रियेच्या बिलाशिवाय बुडालेली मजुरी व वारंवारच्या फेऱ्या हाही मोठा खर्च असतो आणि त्यापायीच पुढील तपासण्या सुटतात. देणगीचा रुपया तेथे पोहोचल्यास पहिल्या शस्त्रक्रियेचे श्रम वाया जाणार नाहीत.

नातेवाइकांस विनंती : तपासणीचे सर्व कागद व काचपट्ट्या जपून ठेवाव्यात आणि तपासणीपूर्वी गाठीवर चिरा देऊ नये.