मुलगा कॉलेजातून उशिरा येतो तेव्हा

आई-बाबांनो, गिरगावच्या फणसवाडीत कॉलेजला जाणारी मुलं असलेल्या बहुतेक घरांत एक वाद ठरलेला असतो. मुलगी रात्री नऊला घरी येते, ‘फेस्टची मीटिंग होती’ म्हणते, आणि अभ्यासाचं काय म्हणून तुमचा जीव खालीवर होतो. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या माणसाची ती काळजी मला समजते. तरीही तिला थांबवू नका, असं मी आग्रहानं सांगेन.

झेवियर्सच्या ‘मल्हार’सारख्या महोत्सवासाठी प्रायोजक मिळवायला निघालेली मुलगी काय करते ते पाहा. अनोळखी मॅनेजरला फोन लावते, भेटीची वेळ मागते, नकार पचवते, आठवड्यानं पुन्हा जाते. बॅनर कुठे लागेल, किती मुलं येतील हे पटवते, आणि पैसे आले की पावती आणि हिशेब देते. धंदा याहून वेगळा काय असतो? शिवाय ज्यानं या वर्षी नकार दिला, त्याच्याही लक्षात ती राहते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांना विचारलं होतं, की नोकरीची खबर कुणाकडून कळली? 1973 साली त्याचा लेख आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे. रोजच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. आपल्या चाळीची माया मोठी, अडीअडचणीला अख्खा मजला धावून येतो, पण बँक आणि सरकारी नोकरीपलीकडची खबर त्या मजल्यावर सहसा पोचत नाही. ती कॉलेजात, दुसऱ्या वस्तीतून आलेल्या मुलांकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून येते.

ओळखी वाढवणं म्हणजे वशिला लावणं, असं तुमच्यापैकी काहींना वाटतं. तसं नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. मुंबईत जे.जे.मध्ये चित्रकला शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, मग बेळगावात सायकलींचं दुकान आणि पुढे कारखाना काढला. नगरपालिकेनं ती जागा रिकामी करायला लावली तेव्हा ते औंधला सभामंडपाचं काम करत होते. औंधच्या अधिपतींनी त्यांचं काम पाहिलेलं होतं. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, कर्जाऊ पैसे दिले, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. काम आधी दिसलं, मदत नंतर आली. मुलांनी अशाच ओळखी जोडाव्यात.

आणि ‘धंदा आपल्याला जमत नाही’ हे वाक्य मुलांसमोर कृपा करून बोलू नका. दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली ती याच गिरगावात. त्याच धंद्याचं पुढे कॅम्लिन झालं.

आता रेझ्युमे. मुलं इंटरनेटवरून नमुना उचलतात आणि ‘कष्टाळू, प्रामाणिक’ असं लिहितात. ते वाचून समोरच्याला काहीच कळत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च दोन वर्षं सांभाळला असेल, स्मरणिकेसाठी जाहिराती आणल्या असतील, तर किती रुपयांच्या आणल्या तेही लिहावं. आई डबे देत असेल आणि मुलगा ऑर्डरी घेत असेल, महिन्याची वसुली करत असेल, तर तेही लिहावं. हे लिहायला मुलं लाजतात. ती लाज तुम्हीच काढू शकता. आकडा मात्र खराच हवा. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला फुगवटा उघडा पडतो.

एखाद्या विषयात केटी लागली असेल तर एक सेमिस्टर फेस्टची कमिटी बंद, ही अट घालायला माझी हरकत नाही. एरवी तुमच्या ऑफिसातल्या, दुकानातल्या, बँकेतल्या जुन्या माणसांचे नंबर, त्यांना विचारून, मुलांना द्या. नोकरी मागायला नको. पंधरा मिनिटं बसून ‘तुमचं काम कसं चालतं, सुरुवात कशी केलीत’ एवढंच विचारायला पाठवा. परत आल्यावर आभाराचा मेसेज त्यांनी त्याच दिवशी केला का, हे मार्कांइतक्याच आस्थेनं विचारा.