गोधडीवरील पेन्सिलीच्या रेघा

प्रश्न : जुन्या लुगड्यांची गोधडी पुरी झाली, परंतु टाक्यांसाठी आखलेल्या शिसपेन्सिलीच्या रेघा धुऊनही कायम आहेत. उपाय सांगावा.
— एक वाचक भगिनी, नागोठणे

उत्तर : शिसपेन्सिलीत शिसे नसून ग्राफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप, असते, ते पाण्यात विरघळत नाही, तंतूंच्या सांदीत केवळ रुतून बसते, म्हणून ते अलगद उचलून काढणे हाच मार्ग होय. कोरड्या रेघेवर स्वच्छ पांढरे खोडरबर हलकेच फिरवावे. नंतर, कोपऱ्यावर रंगाची परीक्षा घेऊन, सौम्य साबणाचा फेस मऊ ब्रशाने धावदोऱ्याच्या दिशेने लावावा व ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. लुगडी विरलेली असतात, तेव्हा जोर बिलकूल नको. नागोठण्यास अंबा नदीकाठच्या दमट हवेत जाड गोधडी लवकर वाळत नाही, यास्तव रेघेपुरताच भाग भिजवावा.