हिवाळी ब्रेव्हेला निघणाऱ्या भाच्यास



येत्या जानेवारीत इंग्लंडच्या पश्चिम भागात दोनशे किलोमीटरची ऑडॅक्स सायकलफेरी करण्याचा चिरंजीवांचा निश्चय कळला. निश्चय स्तुत्य आहे. मात्र ताम्हिणी आणि वरंध घाटांतल्या आषाढसरी अंगावर घेतलेल्या स्वाराला पाऊस नव्याने शिकण्याची गरज नाही, ही जी समजूत त्या निश्चयाच्या पाठीशी दिसते, ती घरीच ठेवून निघणे हिताचे ठरेल. सह्याद्रीतला पाऊस कितीही कोसळला तरी जुलैत घाटातली हवा सहसा वीस अंशांच्या खाली उतरत नाही, त्यामुळे नखशिखान्त भिजलेला स्वारही टपरीवरच्या चहाने आणि गरम भज्यांनी पुन्हा माणसात येतो. इंग्लंडातल्या जानेवारीत पाऊस त्या मानाने किरकोळ, अनेकदा नुसती भुरभुर असते. पण ती चार-पाच अंशांच्या हवेत, वाऱ्यासह, सात-आठ तास अंगावर येत राहते. तिथे भिजणे ही गैरसोय नसून शरीरातल्या उष्णतेची सततची गळती असते, आणि ती गळती कोठे व कशी होते हे ज्याला निघण्यापूर्वीच उमगले आहे, त्यानेच त्या वाटेला जावे.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप पाहू. ऑडॅक्स फेरी, म्हणजेच ब्रेव्हे, ही शर्यत नव्हे. ठरलेला मार्ग ठरलेल्या मुदतीत पुरा करावयाचा, वाटेतल्या नियंत्रण-ठाण्यांवर, म्हणजेच ‘कंट्रोल’वर, ‘ब्रेव्हे कार्ड’ नावाच्या नोंदपत्रिकेवर शिक्का घ्यावयाचा किंवा दुकानाची पावती पुरावा म्हणून जपावयाची, आणि दोन ठाण्यांच्या मधल्या वाटेवर आपले आपण निभवावयाचे, एवढाच तिचा नियम आहे. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. कोण पहिला आला आणि कोण शेवटी, याची नोंद होत नाही. परंपरा मूळची फ्रान्समधली. पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत जाऊन परत येण्याची बाराशे किलोमीटरची फेरी 1891 मध्ये प्रथम झाली, आणि तिच्या पात्रता-फेऱ्या ब्रिटिश स्वारांना मायदेशीच पुऱ्या करता याव्यात म्हणून 1976 मध्ये ‘ऑडॅक्स यूके’ ही संस्था उभी राहिली. पुण्या-मुंबईचे स्वार ज्याला ‘बीआरएम’ म्हणतात, तो याच कुळातला. हिवाळ्यात माणसे घराबाहेर पडतात त्याला बहुतांशी ‘रँडोनर राउंड द इयर’ हा या संस्थेचा सन्मान कारणीभूत असतो. सलग बारा महिने प्रत्येक महिन्यात किमान एक दोनशेची फेरी पुरी करणाऱ्यास तो मिळतो. या सन्मानाचे आकर्षण आणि त्यातला धोका एकाच जागी आहे, त्याविषयी पुढे.

आता उष्णतेचा हिशोब. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते, म्हणून अंगाला चिकटलेला ओला कपडा हा कपडा न राहता उष्णता उपसणारे साधन होतो. त्यात स्वार स्वतःच वारा निर्माण करीत असतो: चार अंशांच्या हवेत ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाच्या उघड्या त्वचेला ती हवा उणे एक अंशाइतकी बोचते, आणि हे कोरड्या त्वचेचे गणित आहे. चढावर स्नायूंच्या श्रमाने ही तूट भरून निघते, किंबहुना घाम येतो. उतारावर श्रम थांबतात, वारा दुप्पट होतो, आणि चढावर आलेला तोच घाम उलटतो. म्हणून थंडीतल्या पावसात स्वाराची खरी परीक्षा चढाच्या माथ्यापलीकडे होते.

याचा दाखला व्यावसायिक शर्यतींच्या इतिहासात स्पष्ट आढळतो. 5 जून 1988 रोजी इटलीच्या ‘जिरो’ शर्यतीचा मार्ग गाव्हिया नावाच्या, समुद्रसपाटीपासून 2,600 मीटरहून उंच खिंडीतून जात होता, आणि पावसाचे रूपांतर माथ्यापर्यंत हिमवृष्टीत झाले. योहान व्हान डर वेल्डे हा डच स्वार तोकड्या बाह्यांनी सर्वांच्या आधी खिंडीच्या माथ्यावर पोहोचला. पण उतारावर गारठून त्याला थांबावे लागले आणि दिवसाअखेर तो पाऊण तासाहून अधिक मागे पडला. अँडी हॅम्पस्टेन या अमेरिकी स्वाराच्या पथकाने मात्र त्याच सकाळी स्कीइंगच्या दुकानातून उबदार हातमोजे, टोप्या आणि इतर कपडे विकत घेऊन वाटेवर पाठवले होते. हॅम्पस्टेनने त्या दिवशी आघाडीची गुलाबी जर्सी मिळवली आणि पुढे शर्यतही जिंकली. दोघांच्या पायांतल्या ताकदीत एवढे अंतर नव्हते. अंतर पडले ते सकाळच्या खरेदीने. ऑडॅक्स स्वाराच्या मागे पथकाची गाडी नसते, म्हणून ती खरेदी त्याने आदल्या आठवड्यात करून आपल्याच पिशवीत बांधून घ्यावयाची असते.

कपड्यांच्या बाबतीत एक भाबडी अपेक्षा आधीच सोडून द्यावी, ती म्हणजे कोरडे राहण्याची. कोणताही रेनकोट, मग तो घाम बाहेर सोडणाऱ्या महागड्या कापडाचा का असेना, सात-आठ तासांच्या श्रमानंतर आतून ओला होतोच. ध्येय ठेवावयाचे ते ओले असूनही ऊब टिकवण्याचे. ते साधणारा धागा लोकरीचा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही अंगाला गार पडत नाही, आणि ही गोष्ट सह्याद्रीतल्या धनगरांनी घोंगडीच्या रूपाने केव्हाच व्यवहारात आणलेली असल्याने तिच्यासाठी परदेशी ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ सदरा, त्यावर एक मधला थर आणि वर वारा अडवणारा रेनकोट एवढे पुरते. सुती कपडा एकही नसावा, कारण सूत पाणी पिते आणि धरून ठेवते. शिरस्त्राणाखाली पुढे चोच असलेली कापडी टोपी घालावी, म्हणजे पावसाचे थेंब डोळ्यांत जात नाहीत. फार क्षुल्लक वाटणारी ही वस्तू चौथ्या तासानंतर अनमोल ठरते.

हातांविषयी मात्र अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण हिवाळी फेऱ्या पायांवर पुऱ्या होतात आणि हातांपाशी फसतात. शरीराला गारठा जाणवू लागला की ते हृदय व मेंदू सांभाळण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडते. आधी बोटे दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि बरे वाटू लागल्याचा भ्रम होतो. वास्तविक तेव्हाच ब्रेकचा दांडा किती दाबला गेला हे कळेनासे झालेले असते. अशा हातांनी पंक्चर काढणे काय असते याची आधीच कल्पना करून पाहावी: ट्यूबच्या व्हॉल्व्हची पितळी टोपी चिमटीत धरता येत नाही, टायर लिव्हर निसटून गवतात पडते, रिमच्या कडेला टायरचा शेवटचा चार बोटे भाग बसता बसत नाही, आणि अंगातला घाम एव्हाना गार झालेला असतो. म्हणून हातमोज्यांचे किमान दोन जास्तीचे जोड प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावेत, शिवाय दवाखान्यात वापरतात तसे पातळ रबरी मोजे दुरुस्तीसाठी वेगळे घ्यावेत. दर अर्ध्या तासाने अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला लावून पाहावे. ते सहज जुळत असेल तर पुढे जावे. जुळताना चुकत असेल तर पुढच्या छपराखाली थांबून मोजे बदलावेत, गरम काही प्यावे, आणि त्यानंतरही जुळत नसेल तर त्या दिवसाची फेरी तेथेच संपली असे समजावे.

सायकलीची तयारी त्या मानाने सोपी. पुढे-मागे पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेतच. ते स्वतःच्या पाठीइतकेच मागून येणाऱ्याच्या तोंडासाठी असतात, म्हणून मागच्या मडगार्डला खाली रबरी झालर लावण्याचा शिष्टाचार तिकडे पाळला जातो. टायर 28 मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावेत आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी असावी. ओल्या रस्त्यावर पंक्चरही वाढतात, कारण पाण्याने ओलावलेल्या रबरात काच आणि गारगोटीची कपची सहज घुसते, आणि हिवाळ्यात छाटलेल्या कुंपणांचे काटे खेड्यापाड्यांतल्या अरुंद रस्त्यांवर पसरलेले असतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर चाकाचे एक-दोन फेरे नुसते पाणी पुसण्यातच जातात, तेव्हा वळणाच्या बरेच आधी ते हलके टेकवून ठेवावेत. डिस्क ब्रेक असतील तर नवे पॅड टाकूनच निघावे, कारण चिखल-वाळूच्या ओल्या दिवसात ते पाहता पाहता झिजतात. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण इंग्लंडात उजेड जेमतेम आठ तास असतो. त्यामुळे दोनशेच्या फेरीचा आरंभ आणि शेवट अंधारात होणार हे धरूनच दिव्यांची योजना करावी. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून चाकाच्या हबमधून वीज देणारा डायनॅमो बसवणे सर्वांत निश्चिंत, आणि ते न जमल्यास दोन स्वतंत्र दिवे न्यावेत.

वेळेचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. ताशी वीस किलोमीटर वेग राखला तर दोनशे किलोमीटरला दहा तास लागतात आणि थांबण्यासाठी साडेतीन तास उरतात. समोरच्या वाऱ्याने व ओल्या रस्त्याने तोच वेग अठरावर आला तर प्रवासालाच अकरा तासांहून अधिक जातात आणि थांबण्यासाठी सव्वादोन तासांच्या आसपास उरतात. एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, परंतु कॅफेतल्या हीटरजवळ पाऊण-पाऊण तास बसण्याची मुभा त्यात नाही. शिवाय ओल्या कपड्यांनी फार वेळ बसलेला स्वार बाहेर पडतो तेव्हा थंडी आधीपेक्षा दुप्पट झोंबते, हा दुसरा तोटा. आत शिरताच प्रथम खाण्याची ऑर्डर द्यावी, मग कार्डावर शिक्का घ्यावा, मग मोजे पिळावेत, खाणे येताच संपवावे, आणि अंगात ऊब असतानाच निघावे. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी घोटाघोटाने पीत राहावे. खाण्याचे पदार्थ असे असावेत की मोजा न काढता तोंडात जातील. वेष्टने घरीच कापून ठेवावीत. आईने पाठवलेले डिंकाचे लाडू या कामी कोणत्याही एनर्जी बारच्या तोडीचे आहेत, फक्त ते अर्धे करून न्यावेत, कारण थंडीत ते फार टणक होतात.

हवामानाच्या अंदाजात नुसते पावसाचे प्रमाण पाहणे पुरेसे नसते. अटलांटिकवरून येणाऱ्या वादळी प्रणालीत आधी उबदार हवेची आघाडी येते, तिच्यामागून थंड हवेची. पहिलीबरोबर पाऊस येतो आणि तिच्यामागे नैर्ऋत्येचा वारा असतो, पण हवा त्या मानाने सौम्य असते. दुसरी ओलांडून गेली की वारा वायव्येकडून वाहू लागतो, ढग फाटतात, आणि पाऊस संपला म्हणून स्वार सुखावतो. खरा धोका त्या क्षणापासून सुरू होतो. निरभ्र आकाशाखाली ओला रस्ता अंधार पडताच गोठू लागतो, आणि त्यावर काळपट डांबरात मिसळून जाणारा जो पारदर्शक थर तयार होतो, ज्याला तिकडे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात, तो दिव्याच्या उजेडात नुसता ओला रस्ता भासतो. पुलांवर आणि झाडांच्या सावलीत तो प्रथम जमतो. टायरचा आवाज एकाएकी बंद झाला तर ब्रेक लावू नये, हँडल वळवू नये, पायडल मारणे सोडून सायकल सरळ जाऊ द्यावी. त्याच पश्चिम भागातल्या सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात रस्त्यांवर पाणी चढणे नित्याचे आहे. तळ दिसत नसेल अशा पाण्यात सायकल घालू नये, मग वळसा कितीही पडो.

शेवटी फेरी सोडून देण्याविषयी, कारण या पत्राचे मुख्य प्रयोजन तेच आहे. शरीराचे आतले तापमान 35 अंशांच्या खाली गेले की त्याला ‘हायपोथर्मिया’ म्हणतात, आणि त्याचा पहिला घाव विवेकावर पडतो. हुडहुडी भरणे हे अद्याप शरीर झुंजत असल्याचे लक्षण. बोलणे अडखळणे, नकाशा पाहूनही वळण न कळणे, आणि ओले असताना हुडहुडी आपोआप थांबणे ही घसरणीची लक्षणे. त्या अवस्थेत ‘आता थांबावे का’ हा प्रश्न ज्या मेंदूला विचारावयाचा तोच उत्तर देण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून ते उत्तर आदल्या रात्री, जेवून, उबदार खोलीत बसून लिहून ठेवावे: अंगठा-करंगळी जुळली नाही तर थांबणे, रस्त्यावर बर्फ दिसले तर थांबणे, जास्तीचे मोजेही ओले झाले आणि पुढचे ठाणे तीस किलोमीटरवर असेल तर थांबणे. मार्गाजवळची रेल्वे स्थानके आधीच पाहून त्याच कागदावर उतरवावीत. बारा महिन्यांच्या साखळीचा मोह येथे आड येतो, कारण एक महिना चुकला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. यावर उपाय आहे, आणि तो महिन्याच्या आरंभी करावयाचा आहे: ‘परमनंट’ म्हणून आधीच नोंदलेले मार्ग स्वाराला आपल्या सोयीच्या दिवशी पुरे करता येतात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यातला बरा दिवस साधावा आणि फेरी महिनाअखेरच्या वादळावर ढकलू नये. इतके करूनही साखळी तुटली, तर नव्या साखळीला कोणत्याही महिन्यापासून प्रारंभ करता येतो.

फेरी सोडली तर गाडीत बसण्यापूर्वी आयोजकाला फोन करावा. त्यासाठी त्याचा क्रमांक निघतानाच फोनमध्ये घालून ठेवावा. ही मंडळी बहुतेक विनावेतन काम करणारे हौशी लोक असतात, आणि शेवटचा स्वार परत येईपर्यंत किंवा त्याचा निरोप मिळेपर्यंत फेरी जेथे संपते त्या सभागृहाचे दार बंद करीत नाहीत.