विमानातील सेवाश्वान आणि श्वान-ॲलर्जीचा रुग्ण : चिकित्सकाचे कर्तव्य

मुलाबाळांना भेटण्यासाठी अमेरिकेस जाणारी ज्येष्ठ मंडळी प्रवासापूर्वी आपल्या नेहमीच्या वैद्यांचा सल्ला घेतात. त्यांत जीर्ण प्रतिश्यायाचा वा तमकश्वासाचा रुग्ण असल्यास आणि श्वानाच्या सान्निध्यात त्याचा त्रास बळावत असल्यास एक प्रश्न हमखास पुढे येतो. अमेरिकेतील विमानांत प्रवाशांसमवेत श्वान बसतात. शेजारी श्वान आल्यास काय करावे? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा कायदा, व्याधी आणि व्यवहार अशा तिन्ही अंगांनी विचार करीत आहोत.

दोन प्रवासी, दोन गरजा

प्रथम सेवाश्वान आणि पाळीव श्वान यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. पाळीव श्वान हौसेने नेला जातो. विमान कंपनी त्याचे शुल्क घेते, संख्येवर मर्यादा घालते आणि त्यास नकारही देऊ शकते. सेवाश्वान मात्र अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी विशिष्ट कार्याचे शिक्षण घेतलेला असतो. अंध व्यक्तीस वाट दाखविणे, मधुमेही रुग्णास रक्तशर्करा घटल्याची पूर्वसूचना देणे, युद्धावरून परतलेल्या सैनिकास मानसिक आघाताच्या आवेगातून सावरण्यास साहाय्य करणे, अशी ही कार्ये होत. अंध प्रवाशापासून त्याचा श्वान दूर करणे म्हणजे पंगू व्यक्तीची कुबडी काढून घेण्यासारखेच आहे.

दुसरीकडे, ज्या रुग्णास श्वानाच्या सान्निध्याने श्वासाचा वेग येतो, त्याची गरजही तितकीच खरी आहे. दहा-बारा तास बंद विमानात बसलेला हा रुग्ण उठून बाहेर जाऊ शकत नाही. येथे एकाचा हट्ट आणि दुसऱ्याचा हक्क असा सामना नसून दोन्ही बाजूंस आरोग्याचीच गरज उभी आहे.

कायद्याची स्थिती

अमेरिकेत १९८६ च्या विमान प्रवेश कायद्याने अपंग प्रवाशांविरुद्धचा भेदभाव निषिद्ध ठरविला. पुढे मानसिक आधारासाठी म्हणून कोणताही प्राणी सोबत नेण्याची प्रथा वाढली. त्यासाठी लागणारी पत्रे शुल्क भरून सहज मिळू लागली. २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एका प्रवासी महिलेने चक्क मोर विमानात नेण्याचा आग्रह धरला आणि कंपनीने तो नाकारला. अशा प्रकारांनी खऱ्या सेवाश्वानांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

डिसेंबर २०२० मध्ये तेथील परिवहन विभागाने नवा नियम जाहीर केला व तो ११ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार अपंग व्यक्तीसाठी वैयक्तिक प्रशिक्षण दिलेला श्वान हाच सेवाप्राणी होय. मानसिक व्याधीसाठी प्रशिक्षित श्वानासही तोच दर्जा मिळाला. केवळ आधारासाठी नेलेला प्राणी मात्र सेवाप्राणी मानण्याचे बंधन कंपन्यांवर राहिले नाही. श्वानाचे आरोग्य, वर्तन व प्रशिक्षण यांविषयीचा ठरावीक नमुना भरून घेण्याची मुभा कंपनीस आहे. श्वान दोरीने बांधलेला व मालकाच्या पायाजवळच्या जागेत मावणारा असावा लागतो. केवळ त्याच्या जातीवरून त्यास नाकारता येत नाही.

सहप्रवाशाला ॲलर्जी आहे एवढ्या कारणाने सेवाश्वानास प्रवेश नाकारला जात नाही. दोघांना एकमेकांपासून दूर बसविणे हाच तेथील प्रचलित मार्ग आहे. कॅनडाच्या परिवहन नियामक संस्थेने २०१२ मध्ये मांजराच्या ॲलर्जीविषयीच्या प्रकरणांत पाळीव मांजर आणि रुग्ण यांच्यात किमान पाच रांगांचे अंतर ठेवण्याचा निर्णय दिला होता. त्याचेही मर्म ‘अंतर’ हेच आहे.

हेतु व संप्राप्ति

श्वानाचा केस हा ॲलर्जीचा मूळ हेतु नव्हे. त्याची लाळ, त्वचेचा सूक्ष्म कोंडा व मूत्र यांतील विशिष्ट प्रथिने हे कार्य करतात. ती केसांवर वाळतात, धुळीत मिसळतात आणि माणसांच्या कपड्यांवरून दूरवर जातात. म्हणूनच श्वान नसलेल्या घरांत व विमानाच्या आसनांवरही ती आढळतात. काही जातींचे श्वान ॲलर्जी करीत नाहीत अशी समजूत आहे. परंतु २०११ व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा जातींमुळे प्रथिनांचे प्रमाण कमी राहते असे दिसले नाही.

आयुर्वेदाच्या दृष्टीने हा असात्म्याचा विषय आहे. एकास सात्म्य असलेले द्रव्य दुसऱ्यास असात्म्य असते. त्यात द्रव्याचा दोष नसतो. चरकांनी श्वासाच्या हेतूंत रज, धूम व वात यांची गणना केली आहे. श्वानाचा कोंडा हा रजाचाच एक प्रकार समजता येईल. लक्षणे प्रतिश्याय, नेत्रकंडू, शीतपित्त वा तमकश्वास या रूपांनी प्रकट होतात. हवेतून आलेल्या श्वान-प्रथिनाने प्राणघातक सार्वदेहिक प्रतिक्रिया होणे विरळ आहे. तथापि अनियंत्रित तमकश्वासाच्या रुग्णात श्वासाचा तीव्र वेग हा खरा धोका होय.

विमानातील हवा

आधुनिक मोठ्या विमानांत केबिनमधील सुमारे निम्मी हवा गाळून पुन्हा वापरली जाते. त्यासाठीचे उच्च क्षमतेचे गाळक ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवितात. तासाभरात केबिनमधील हवा वीस ते तीस वेळा बदलते. ही हवा छताकडून येऊन जवळच्याच रांगांत तळाशी बाहेर पडते. विमानाच्या लांबीच्या दिशेने तिचे वहन अल्प असते. यावरून काही रांगांचे अंतर कां उपयोगी पडते हे समजते. परंतु आसनावर आधीच साचलेले कण व शेजाऱ्याच्या कपड्यांवरील कण गाळकापर्यंत पोहोचतीलच असे नाही. त्यातच केबिनची आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी असते. या रूक्षतेने नासास्रोतस कोरडे पडते आणि आधीच संवेदनशील असलेला रुग्ण अधिक त्रासतो.

रुग्णपरीक्षा व प्रमाणपत्र

चिकित्सकाचे खरे उत्तरदायित्व येथे आहे. रुग्णास पुढील गोष्टी विचाराव्यात : श्वानाजवळ गेल्यावर किती वेळात, कोणती लक्षणे येतात, केवळ शिंका येतात की श्वास लागतो, रात्री उठून बसावे लागते काय, गेल्या वर्षात रुग्णालयात दाखल व्हावे लागले काय, श्वासमार्गी औषध किती वेळा लागते. त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीत ॲलर्जी दिसली, तरी प्रत्यक्ष लक्षणे नसल्यास ती व्याधी ठरत नाही.

सौम्य प्रतिश्यायाच्या रुग्णास धीर द्यावा. त्याला प्रमाणपत्राची गरज क्वचितच असते. मध्यम वा तीव्र तमकश्वासाच्या रुग्णास मात्र श्वसनरोगतज्ज्ञाचा सल्ला प्रवासापूर्वी अवश्य घ्यावयास लावावा. पत्र द्यावयाचे झाल्यास ते इंग्रजीत, नोंदणी क्रमांकासह द्यावे. त्यात निदान, पूर्वीच्या वेगांचे स्वरूप व चालू औषधे लिहावीत आणि ‘प्राण्यापासून दूरचे आसन मिळावे’ एवढीच मागणी करावी. ‘विमानात श्वान नसावा’ असे लिहू नये. ती मागणी मान्य होणारी नाही आणि न्याय्यही नाही.

आग्रहाखातर प्रमाणपत्र देण्याचा मोह टाळावा, हे आम्हांस विशेषत्वाने सांगावेसे वाटते. अमेरिकेत सैल हाताने दिलेल्या आधारपत्रांनी खऱ्या सेवाश्वानांची प्रतिष्ठा घटली. सैल हाताने दिलेल्या ॲलर्जीच्या प्रमाणपत्रांनी खऱ्या तमकश्वासी रुग्णाच्या शब्दाचे मोल तसेच घटेल.

प्रवासापूर्वीची सिद्धता

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा होय. तिकीट काढतानाच व पुन्हा प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी कंपनीस कळवावे. विमानात चढताना कर्मचाऱ्यांस स्मरण द्यावे. श्वान जवळ आढळल्यास त्याच्या मालकाशी वाद न घालता कर्मचाऱ्यांकडे आसन बदलून मागावे. आसन व हातकठडे ओल्या कागदी रुमालाने पुसावेत, मुखपट्टी बाळगावी आणि उतरल्यावर कपडे बदलावेत.

सुश्रुतांनी घरातून बाहेर पडताना प्रतिमर्श नस्य सांगितले आहे. स्निग्ध झालेल्या नासास्रोतसास धूळ व धूर बाधत नाहीत, असे त्याचे कारणही दिले आहे. विमानातील रूक्षता पाहता हा उपाय प्रशस्त आहे. मात्र तो चालू औषधांचा पर्याय नव्हे. श्वासमार्गी औषध बंद करण्याचा सल्ला प्रवासाच्या तोंडावर कदापि देऊ नये. ते औषध हातातील पिशवीतच असावे, सामानाच्या पेटीत नव्हे.

औषधालयचालकांनी अशा रुग्णास सुट्या पुड्या देण्याचे टाळावे. मूळ बंद वेष्टन, त्यावरील घटकांची सूची, देयक व वैद्याची चिठ्ठी एकत्र द्यावी. शंभर मिलिलिटरहून मोठी आसव-अरिष्टांची बाटली हातातील सामानात नेण्यास सामान्यतः अडचण येऊ शकते, हेही सांगावे.

सारांश

सेवाश्वान व ॲलर्जीचा रुग्ण या दोघांनाही एकाच विमानातून प्रवास करण्याचा अधिकार आहे. योग्य अंतर, वेळीच दिलेली सूचना आणि नियंत्रित व्याधी या तीन गोष्टींनी बहुतेक प्रसंग निभावतात. यांतील अंतराची व्यवस्था कंपनीने करावयाची आहे, सूचना रुग्णाने द्यावयाची आहे; व्याधीचे यथार्थ मूल्यमापन आणि सत्य प्रमाणपत्र हे मात्र आपले काम आहे.