गोळीला उशीर किती झाला ते बघ

पोरी, बालेवाडीच्या 50 मीटरवर तुझा हात बसलाय. आता इंग्लंडात बिस्लीच्या रेंजवर 1000 यार्डांवर मारायला निघाली आहेस, तर दोन-चार गोष्टी कानात साठवून ठेव.

पहिली म्हणजे, वेगाच्या नादी लागू नकोस. नवखी पोरं काडतुसांच्या डब्यावर आधी वेगाचा आकडा वाचतात. वारा त्या आकड्याला भीक घालत नाही. हवा नसती तर गोळीला किती वेळ लागला असता आणि खरोखर किती लागला, यातला फरक म्हणजे उशीर. त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणलं की गोळी किती सरकली ते निघतं. 155 ग्रेनची .308 गोळी सेकंदाला साधारण 900 मीटरने सुटते, आणि 1000 यार्ड म्हणजे 914 मीटर. हवा नसती तर सेकंदभरात पोचली असती, पण लागतो दीड सेकंदाच्या आसपास. उशीर अर्ध्या सेकंदाचा. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा असेल तर गोळी सव्वादोन मीटर बाजूला! म्हणजे नेम कितीही सुरेख धर, वाऱ्याचे झेंडे वाचता आले नाहीत तर सगळं पाण्यात.

तुझ्या .22 चंच बघ. मॅचची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात. जास्त वेगाची .22 तो वेग ओलांडून निघते, हवा तिला सुरुवातीलाच जोरात रोखते, उशीर वाढतो आणि वाऱ्यात ती हळू गोळीहून जास्त वाहवते. हे ऐकून भलेभले मान हलवतात, पण खरं आहे.

उशीर कमी करायला गोळी लांब, टोकदार आणि शेपटाकडे निमुळती करतात. पण लांब गोळी सहज कोलमडते, कारण हवेचा दाब तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो आणि नाक उलटवू बघतो. तिला भोवऱ्यासारखं फिरवूनच सरळ ठेवता येतं. नळीतल्या आट्यांचा पीळ गोळीच्या वजनावरून ठरवू नकोस, लांबीवरून ठरव. गणितज्ञ ग्रीनहिलने 1879 मध्ये दिलेला हिशेब शिशाच्या गाभ्याच्या गोळीला अजून कामी येतो: जाडीचा वर्ग गुणिले 150, भागिले लांबी, सगळं इंचांत. 1.15 इंच लांबीच्या .308 ला साधारण साडेबारा इंचांत एक फेरा येतो. निव्वळ तांब्याची गोळी त्याच वजनाला लांब भरते, तिला पीळ घट्ट लागतो. थंड, दाट हवेत स्थैर्य घटतं, म्हणून काठावरचा पीळ घेऊ नकोस. टार्गेटवरचं भोक लांबट दिसलं तर गोळी आडवी लागली असं समज.

नळीच्या तोंडाशी सरळ निघाली म्हणून शेवटपर्यंत सरळ जाईल, हेही धरून चालू नकोस. वेग ध्वनीच्या साधारण 1.2 पटीखाली उतरला की हवेचा दाब जागा बदलतो आणि काही गोळ्या तिथेच डुलायला लागतात. टार्गेटपाशी सेकंदाला 400 मीटरच्या वर वेग उरेल अशीच गोळी निवड. पुण्याच्या उन्हातले आकडे तिकडच्या गार, दाट हवेत जसेच्या तसे चालवू नकोस; गोळी खाली लागेल.

गोळीच्या टोकाला बारीक पोचा आला म्हणून काडतूस फेकू नकोस. बूड मात्र नीट हवं. अमेरिकेत फ्रँकलिन मान या माणसाने मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून 1909 च्या पुस्तकात हे दाखवून दिलंय. बूड नळीच्या तोंडातून सगळ्यात शेवटी सुटतं, आणि नळीच्या तोंडाची कड झिजलेली असेल तर गॅस एका बाजूने आधी निसटतो, गोळीला धक्का बसतो. म्हणून सफाईचा गज मागून घाल, गाइड लावून.

आणि वारा पडला, झेंडे खाली लोंबकळले, तरी उजव्या पिळाची गोळी 1000 यार्डांवर वीतभर उजवीकडे जाणारच. जवळच्या अंतरावर झिरो करून गेली असशील तर तेवढं साइटवर डावीकडे आधीच घे, वाऱ्याचे क्लिक त्यानंतर.